टनामागे एक रुपया: संशोधनाच्या पहिल्या पायरीला पैसे देणार कोण?

वाई तालुक्यातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला विचारा. एफआरपी किती, पहिला हप्ता कधी, तोडणी-वाहतूक किती कापली, सगळं तोंडपाठ असतं. पण या हिशोबात एक बारीक रक्कम आहे, जिच्याबद्दल पारावर फारसं कुणी बोलत नाही. भुईंजच्या किसन वीर कारखान्यासारख्या राज्यातल्या कारखान्यांच्या गव्हाणीत ऊस पडला, की गाळपाच्या प्रत्येक टनामागे १ रुपया पुण्याजवळच्या मांजरीला जातो. तिथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. उसाच्या नव्या जाती, रोपं, माती परीक्षण, साखर आणि इथेनॉलचं तंत्रज्ञान यावर ही संस्था काम करते, आणि त्या कामामागे हा रुपया असतो.

एका टनाला ३ हजार रुपयांच्या आसपास दर मिळत असेल, तर १ रुपया म्हणजे काहीच नाही. ज्याचा ८० टन ऊस गेला त्याच्या नावावर ८० रुपये, म्हणजे दोन-तीन वडापाव. पण महाराष्ट्रात चांगल्या हंगामात साधारण १० कोटी टन गाळप होतं. म्हणजे वर्षाला १० कोटी रुपये. कुणा मंत्र्याच्या घोषणेची वाट न बघता, दरवर्षी.

टेक्नॉलॉजीच्या साइटवर हा उसाचा विषय कशाला, असं वाटत असेल तर थोडं थांबा. सध्या सगळीकडे डीपटेक, स्टार्टअप, इनोव्हेशन हे शब्द ऐकू येतात. या सगळ्याच्या मुळाशी कॉलेज आणि विद्यापीठांतलं अगदी सुरुवातीचं संशोधन असतं, आणि नेमकं त्यालाच पैसे मिळत नाहीत. सरकारी ग्रँट सोडून दुसरे कोणते मार्ग आहेत, ते कसे चालतात आणि आपल्या सातारा-सांगली भागात कोणते आधीच वापरून झालेत, ते आज बघूया.

पहिले ७५ हजार

एक उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, पण असे लोक तुमच्याही ओळखीत असतील.

वाईतल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या मॅडम आहेत. घरची हळदीची शेती. हळदीला पावसाळ्यात कंदकूज लागते. जमिनीत पाणी साचलं, की पिथियमसारख्या बुरशीला संधी मिळते, आणि पानं पिवळी पडून आपल्याला कळेपर्यंत खाली कंद मऊ पडलेला असतो. मॅडमना वाटतं, की गादीवाफ्यात ओलाव्याचे आणि वायूचे स्वस्त सेन्सर पुरले, तर पान पिवळं पडायच्या आठ-दहा दिवस आधी इशारा मिळू शकेल. मिळेलच असं नाही, फक्त शक्यता आहे. ते तपासायला चार वाफे, वीसेक सेन्सर, काही ईएसपी-३२ बोर्ड, प्रयोगशाळेत नमुने तपासायची फी आणि एका विद्यार्थ्याचा प्रवासखर्च एवढंच लागेल. सगळं मिळून ७५ हजार धरू.

आता ७५ हजार आणायचे कुठून? बँक देणार नाही, कारण तारण नाही. गुंतवणूकदार देणार नाही, कारण विकायला काही नाही. सरकारी योजनेच्या अर्जात एक रकाना असतो, ‘प्रिलिमिनरी डेटा’. म्हणजे तुमची कल्पना चालते याचा थोडा पुरावा आधी दाखवा. अहो, तो पुरावा गोळा करायलाच तर पैसे हवेत! जमीन घ्यायला कर्ज मागावं आणि बँकेने आधी त्याच जमिनीचा सातबारा मागावा, तसं हे आहे.

यालाच सुरुवातीच्या टप्प्याचं संशोधन म्हणायचं. रक्कम छोटी, वेळ थोडा, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही जमलं’ असं येतं. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दहापैकी आठ प्रयोग फसणार हे मान्य करूनच इथे पैसे द्यावे लागतात, आणि ऑडिटवाल्यांना नेमकं तेच समजावता येत नाही.

मोठे आकडे कुठे थांबतात

भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. हा आकडा २०२०-२१ चा, आणि त्याआधीची कित्येक वर्षं तो याच्याच आसपास घुटमळत होता. २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी असा अंदाज तेव्हा मांडला गेला, आणि त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे कंपन्या, दाते वगैरेंकडून येतील असं धरलं होतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने १ लाख कोटींची आरडीआय योजना मंजूर केली. आकडा ऐकून छाती फुगते. पण ती योजना टीआरएल ४ आणि त्यापुढच्या कामांसाठी आहे.

टीआरएल म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे ते मोजायची १ ते ९ अशी पट्टी. १ म्हणजे मूळ तत्त्व सापडलं, ३ म्हणजे कल्पना चालू शकते याचा पुरावा मिळाला, ४ म्हणजे प्रयोगशाळेत ती चालवून दाखवली, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात. आपल्या मॅडम २ वर आहेत. १ लाख कोटींचं दार ४ वर उघडतं. २ पासून ४ पर्यंतचा जिना स्वतःच्या पगारातून चढायचा.

सीएसआरचंही बघू. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि २०१९ पासून सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला दिलेले पैसेही त्यात धरले जातात. कागदावर हा रस्ता छान आहे. पण सीएसआरला वर्षाच्या शेवटी फोटो लागतो. शाळेला बेंच दिले, फोटो निघतो. ‘बाविसाव्या सेन्सरनेही काही दाखवलं नाही’ याचा फोटो कसा काढणार? शिवाय कंपन्या साहजिकच नावाजलेल्या संस्थांकडे जातात. आयआयटी मुंबईला माजी विद्यार्थ्यांकडून मोठ्या देणग्या मिळतात, नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले. ते उत्तमच झालं. पण तालुक्याच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी गॅदरिंगला पंखे देतात, आणि तेही मनापासून देतात.

एक रुपयाची गंमत

म्हणून मला टनामागचा रुपया फार आवडतो.

१९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ही संस्था उभी केली. पुढे तिला सांगलीच्या वसंतदादा पाटलांचं नाव मिळालं. यात तीन गोष्टी एकत्र जमल्या आहेत, आणि त्या सहसा एकत्र सापडत नाहीत.

पैसे देणाऱ्याला कळत नाही इतकी रक्कम छोटी. ती दरवर्षी आपोआप जमा होते, अर्ज-मंजुरीच्या फेऱ्यात अडकत नाही. आणि एकाच प्रयोगाला बांधलेली नसल्यामुळे त्यातून लांबचं काम करता येतं. उसात हे लांबचं काम म्हणजे किती लांब? महाराष्ट्राच्या पठारावर ऊस नीट फुलत नाही. जातींचा संकर करायचा तर फुलोरा लागतो. म्हणून या संस्थेचं पैदास केंद्र सिंधुदुर्गातल्या आंबोलीला आहे, तिथल्या धुक्या-पावसात ऊस फुलतो. संकर केला, बी धरलं, हजारो रोपं लावली, त्यातली बहुतेक फेकली, उरलेली पुन्हा लावली. शेतकऱ्याच्या हातात नवी जात पडेपर्यंत बारा-चौदा वर्षं सहज जातात. तीन वर्षांची प्रोजेक्ट ग्रँट इथे काय कामाची? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करतो आणि तेवढ्यातही तारीख चुकते. बारा वर्षांचा स्प्रिंट ही कल्पनाच मला झेपत नाही!

आता दुसरी बाजू. ऊसवाल्यांचा रुपया उसावरच खर्च होणार, हळदीवर नाही. ज्याच्याकडे संघटित कारखाना आहे त्या पिकाला संशोधन मिळतं, बाकीची पिकं बघत बसतात. आणि असा निधी जिथे साठतो तिथे सत्ताही साठते. २०२५ मध्ये याच टनामागच्या रुपयाच्या विनियोगाची तपासणी करायचं राज्य सरकारने ठरवलं आणि त्यावरून बरंच राजकारण पेटलं. कोण बरोबर, कोण चूक हा आपला विषय नाही. पण कपातीचं मॉडेल उभं करायचं असेल, तर कुठल्या प्रयोगाला किती दिले आणि त्याचं काय झालं, हे फसलेल्या प्रयोगांसकट एका वेबपेजवर पहिल्या दिवसापासून टाकावं. एवढं करायला एक साधी गुगल शीटसुद्धा पुरते.

आपल्याकडचे जुने दाते

कपात हा एक रस्ता झाला. दुसरा, एखाद्या मोठ्या दात्याचा. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्या साताऱ्यातलेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घ्यावी, यासाठी त्यांनी १९१८ मध्ये १ लाख रुपये देऊ केले. १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि मूळ संहिता पूर्ण झाली १९६६ मध्ये. तोपर्यंत औंध संस्थानही विलीन होऊन गेलं होतं. नंतर इतरांचे पैसे आले, सरकारचेही आले, पण पहिला माणूस असा होता ज्याने एकही पान तयार नसताना शब्द दिला.

वाईकरांना हे लवकर पटेल. प्राज्ञपाठशाळेतला धर्मकोश काय किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोश काय, अशी कामं दशकांच्या हिशोबाने चालतात हे गावाने पाहिलं आहे.

शास्त्रज्ञांनी स्वतःच एकत्र येऊन संस्था काढायची, हाही एक मार्ग. १९४६ मध्ये पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथे तयार झालेल्या एमएसीएस ६४७८ या गव्हामुळे कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांचं उत्पादन हेक्टरी २५-३० क्विंटलवरून ४५-६० क्विंटलवर गेलं, असं त्या विभागाने २०२१ मध्ये सांगितलं. मधे पाऊणशे वर्षं गेली. १९४६ मध्ये कुणी ‘आउटपुट काय?’ असं विचारलं असतं, तर करंजखोपचं नाव कुणाला सुचलं असतं?

आणि कधीकधी शेतकरीच संशोधक असतो. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या बागेत वेगळी निघालेली वेल हेरली आणि वाढवली. तीच तास-ए-गणेश. नावातच तासगाव आणि आर्वे आहेत. अशा माणसाला ग्रँट देणारी योजना तेव्हा नव्हती. आजही एखाद्या शेतकऱ्याने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाऊन ‘माझ्या वेलीचं परीक्षण करा, निम्मा खर्च तुमचा’ म्हटलं, तर तो कागद कुठल्या टेबलावर ठेवायचा हे कुणाला माहीत नसतं.

पेटंटच्या पैशावर विद्यापीठ चालतं का?

क्वचित. पण जिथे चाललं तिथली गोष्ट भारी आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांना १९२० च्या दशकात कळलं, की अन्नावर अतिनील किरण सोडले की त्यातलं ड जीवनसत्त्व वाढतं. क्वेकर ओट्सने मोठी रक्कम देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली, स्वतःच्या खिशातले ३०० डॉलर घालून पेटंट घ्यायची खटपट केली, आणि १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांना घेऊन विस्कॉन्सिन अॅल्युमनाय रिसर्च फाउंडेशन काढलं. पेटंटचे पैसे फाउंडेशनला, फाउंडेशनचे पैसे विद्यापीठातल्या पुढच्या संशोधनाला. हे चक्र शंभर वर्षं चालू आहे. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन हे औषध ऐकलं असेल. त्यातलं ‘वॉर्फ’ म्हणजे याच फाउंडेशनची आद्याक्षरं.

स्टॅनफर्डने गुगलचे शेअर विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले, हे उदाहरण प्रत्येक भाषणात येतं. पण ते लॉटरीचं तिकीट होतं. बहुतेक विद्यापीठांच्या पेटंट कार्यालयांचा खर्चही रॉयल्टीतून निघत नाही. आपल्याकडे तर कॉलेजं पेटंटचे अर्ज बहुतेक वेळा नॅकच्या फाइलसाठी करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अर्जाच्या फीमध्ये मॅडमचे सगळे सेन्सर आले असते.

भिशी आणि चिठ्ठ्या

आता मला सगळ्यात पटलेला भाग. पैसे कुठून आणायचे हा एक प्रश्न. पण आलेले पैसे कुणाला द्यायचे हे ठरवण्यातही प्रचंड खर्च होतो. शंभर अर्ज येतात, तज्ज्ञ वाचतात, गुण देतात, वाद घालतात. अगदी उत्तम आणि अगदी टाकाऊ अर्ज ओळखता येतात, पण मधल्या साठ-सत्तरांत वरचा कोण, खालचा कोण हे तज्ज्ञांनाही नीट सांगता येत नाही. मग ओळखीचं नाव आणि मोठी संस्था वर जाते.

न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ मध्ये यावर सरळ उपाय काढला. नव्या, धाडसी कल्पनांसाठी वेगळी ग्रँट ठेवली. अर्ज निकषात बसतो का एवढंच तज्ज्ञांनी बघायचं. जे बसले त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. पुढे जर्मनीच्या फोक्सवॅगन फाउंडेशननेही आपल्या एका योजनेत चिठ्ठ्या आणल्या. नशिबावर संशोधन सोडलं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण म्हाडाच्या घराची सोडत आपल्याला चालते ना? पात्र लोक जास्त आणि घरं कमी असली, की सोडत हाच सगळ्यात कमी भांडणाचा मार्ग असतो.

दुसरी कल्पना अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या योहान बोलेन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये मांडली. प्रत्येक संशोधकाला दरवर्षी सारखी रक्कम द्या, अट एवढीच, की मिळालेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा त्याने आपल्याला चांगल्या वाटणाऱ्या दुसऱ्या संशोधकांना वाटायचा. समिती नाही, अर्ज नाही. वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतल्या बायकांची भिशीच आठवली. कुणाला खरंच गरज आहे आणि कुणी पैसे बुडवणार नाही, हे त्या अर्ज न मागवता ओळखतात.

वेगाचंही एक उदाहरण. कोविडमध्ये, २०२० साली अमेरिकेत फास्ट ग्रँट्स नावाचा उपक्रम निघाला. अर्ज अर्ध्या तासात भरता येईल एवढा, आणि निर्णय ४८ तासांत. आपल्याकडे ४८ तासांत आवक-जावक क्रमांक पडला तरी पेढे वाटावे लागतील.

क्राउडफंडिंगबद्दल फार लिहीत नाही. २०१२ पासून संशोधनासाठी वेगळ्या वेबसाइट आहेत. तिथे डायनासोर आणि हत्ती चालतात, कुजलेली हळद चालत नाही.

मग वाईत काय करता येईल?

थोडा हिशोब करू. टनामागे जाणाऱ्या रुपयाला हात न लावता, वेगळे फक्त १० पैसे धरले, तर राज्याच्या गाळपावर १ कोटी रुपये होतात. ७५ हजारांचे १३३ प्रयोग. एकट्या ५ लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा विचार केला तरी ५० हजार होतात, आणि शेजारच्या एका बाजार समितीने थोडी भर घातली तर मॅडमचं काम भागलं. हे पैसे उसावरच खर्च करायची अट मात्र नको. उसाच्या पैशाने हळदीवर प्रयोग का, असं सभेत कुणीतरी विचारणारच. त्याला उत्तर आहे: उसाच्या गादीवाफ्यातही पाणी साचतं आणि सेन्सर तोच लागतो. ज्या जिल्ह्यात कर्मवीर अण्णांनी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली, तिथे थेंबाथेंबाने निधी जमवायची पद्धत कुणाला नव्याने शिकवायला नको.

खरी अडचण पैशांपेक्षा कागदांची आहे. १ कोटीच्या ग्रँटला जेवढे कागद, तेवढेच ७५ हजारांच्या ग्रँटला. तीन कोटेशन, खरेदी समिती, मुख्याध्यापक नव्हे पण त्याच थाटातल्या चार सह्या, उपयोगिता प्रमाणपत्र, सीएचा शिक्का. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मंजूर झालेली रक्कम आमच्या हातात आली तेव्हा आमची सबमिशन होऊन गेली होती. तोपर्यंत चौघांनी वर्गणी काढून बोर्ड आणले होते. नॅकच्या मूल्यांकनात ‘संस्थेने प्राध्यापकांना सीड मनी दिलं का’ असा निकष आहे, त्यामुळे पुष्कळ कॉलेजांच्या कागदावर हे पैसे असतातही. ते वेळेवर मिळतात का, असा निकष नाही.

त्यामुळे असा निधी कुणी उभा केलाच, मग तो कॉलेजने करो, विद्यापीठाने किंवा कारखान्याने, तर मी त्यांना हे सांगेन. अर्ज एका पानाचा, मराठीत चालेल. पात्रता दोन जणांनी तपासायची, एक विषय जाणणारा आणि एक शेतकरी किंवा कारागीर. बाकी चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर. खर्चाची बिलं मोबाईलवर फोटो काढून. आणि शेवटी दोन पानांचा अहवाल, ज्यात ‘जमलं नाही’ असं लिहिलं तरी पुढच्या वर्षी अर्ज करता येईल.

तारीख मात्र काटेकोर पाळायची. हळदीची लागवड अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू होते आणि कंदकूज जुलैपासून पुढे दिसायला लागते. सेन्सर लागवडीबरोबर जमिनीत जायला हवेत, म्हणजे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर हवेत, आणि चिठ्ठ्या फेब्रुवारीत टाकायला हव्यात. मार्च एण्डच्या गडबडीत फाइल अडकून मंजुरी जूनमध्ये आली, तर मॅडमना पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत थांबावं लागतं.